आवरणारे रसायन

थोरल्या बहिणीला फीट आली की घरात कुणी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरी, कुणी चप्पल शोधायला धावे. दोन-तीन मिनिटांत फीट आपोआप थांबे आणि श्रेय कांद्याला जाई. मुळात ती येते का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. वैद्यकाचा विद्यार्थी नसल्याने उत्तर शोधतानाही अडखळतच गेलो.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. ग्लुटामेट पेशीला चेतवते, गाबा आवरते. गंमत म्हणजे गाबा ग्लुटामेटपासूनच बनते. एक विकर त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकते, एवढाच फरक. मेंदूत गाबा असल्याचे १९५० मध्ये कळले. त्याचे मोल मात्र तान्ह्या बाळांमुळे उमगले. त्याच सुमारास अमेरिकेत डब्याच्या दुधावर वाढणाऱ्या काही बाळांना झटके येऊ लागले. दूध तयार करताना दिलेल्या उष्णतेने त्यातले ब-६ जीवनसत्त्व नष्ट झाले होते. ते टोचताच झटके थांबले. वर सांगितलेल्या विकराला ब-६ ची जोड लागते. ती नसली की गाबा कमी पडते.

मग गाबा वाढवले की झाले? याच तर्काने व्हिगाबॅट्रिन हे औषध मुद्दाम घडवले गेले. गाबा मोडून टाकणारे विकर ते बंद पाडते. झटके कमी झालेही. पण १९९७ पासून नोंदी येऊ लागल्या, की काही रुग्णांची नजर कडेकडेने आक्रसते आहे, आणि ती कायमची. डोळ्याच्या पडद्यातही गाबाच काम करते ना! औषधाला मेंदूतली बिघडलेली जागा तेवढी ओळखता येत नाही. मला वाटते, खरी अडचण इथेच आहे. वीसहून अधिक औषधे हाताशी असूनही आज सुमारे एकतृतीयांश रुग्णांचे झटके आटोक्यात येत नाहीत.

बहीण गार्डिनल घेई. म्हणजे अपस्मारावर १९१२ पासून वापरात असलेले फिनोबार्बिटोन. गाबा पेशीवरचे क्लोराइडचे दार उघडते, ही गोळी ते जास्त वेळ उघडे ठेवते. म्हणून फीट थांबे, आणि म्हणूनच ती वर्गात पेंगे. मास्तर तिला आळशी म्हणत. वर्षभर फीट आली नाही तेव्हा 'पोर बरी झाली' म्हणत घरच्यांनी गोळी एका दिवसात बंद केली. मेंदू त्या मदतीला सरावलेला होता. मदत गेली आणि नुसते गाबा अपुरे पडले. आठवडाभरात तिला लागोपाठ झटके आले. ही गोळी हळूहळू, कित्येक आठवडे कमी करत न्यायची असते, हे आम्हाला तोवर कुणी सांगितले नव्हते.