जेम्स (याकोब) नावाचे संत

जेम्स (याकोब) नावाचे संत : आद्य ख्रिस्ती परंपरेतील समनामक संत. नव्या करारात या नावाच्या एकाहून अधिक व्यक्ती येतात व त्यांपैकी कोणती व्यक्ती कोणाशी एकरूप मानावी, हा प्रश्न चौथ्या शतकापासून वादाचा ठरला आहे. ‘याकोव्ह’ हे मूळ हिब्रू नाव इझ्राएलच्या कुलपुरुषाचे असल्याने ते यहुदी समाजात अतिशय रूढ होते. ग्रीक भाषेत त्याचे ‘इयाकोबोस’ व लॅटिनमध्ये ‘याकोबुस’ असे रूप झाले. पुढे त्यापासूनच इंग्रजी जेम्स, फ्रेंच झाक, स्पॅनिश सांतियागो व पोर्तुगीज तियागो ही नावे निघाली. मराठी बायबलमध्ये ‘याकोब’ हे रूप आढळते तर पालघर जिल्ह्यातील आगाशी (ता. वसई) येथील चर्च ‘सेंट जेम्स’ या नावाने ओळखले जाते. दोन्ही नावे मुळात एकच आहेत.

थोरला जेम्स : जब्दीचा मुलगा व प्रेषित योहानाचा भाऊ. हे दोघे बंधू गालील सरोवरावर मासेमारी करीत. पेत्र, योहान व जेम्स हे तिघे येशूचे विशेष निकटचे शिष्य होते. पहिल्या हेरोद अग्रिप्पाने सु. ४४ मध्ये तलवारीने त्याचा वध करविला. बारा प्रेषितांपैकी याच एकाच्या हौतात्म्याची नोंद नव्या करारात आहे. त्याचे अवशेष वायव्य स्पेनमध्ये असल्याची श्रद्धा नवव्या शतकापासून दृढ झाली व सांतियागो दे कोंपोस्तेला हे मध्ययुगीन यूरोपातील एक प्रमुख यात्रास्थान बनले. शिंपला व यात्रेकरूची काठी ही त्याची चिन्हे होत. रोमन कॅथलिक चर्चमध्ये त्याचा सण २५ जुलै रोजी असतो.

अल्फीचा मुलगा जेम्स : बारा प्रेषितांच्या चारही याद्यांत याचे नाव येते पण त्याच्याविषयी अन्य माहिती नव्या करारात नाही. मार्कच्या शुभवर्तमानात मरिया नामक स्त्रीच्या एका मुलाला ‘लहान याकोब’ म्हटले आहे. मूळ ग्रीक विशेषणाचा अर्थ वयाने धाकटा किंवा अंगाने ठेंगणा असा दोन्ही प्रकारे होतो. पाश्चात्त्य परंपरेने हा व अल्फीचा मुलगा एकच मानले. प्रेषित फिलिपसमवेत त्याचा सण कॅथलिक चर्चमध्ये ३ मे रोजी पाळला जातो.

प्रभूचा भाऊ जेम्स : जेरूसलेममधील आद्य ख्रिस्ती मंडळीचा प्रमुख. यास ‘न्यायी’ ही उपाधी आहे. यहुदीतर ख्रिस्ती अनुयायांवर सुंतेचे बंधन घालू नये, या सु. ४९ च्या जेरूसलेम परिषदेतील निर्णयात त्याचे मत महत्त्वाचे ठरले. सु. ६२ मध्ये रोमन राज्यपाल फेस्टस मरण पावला व नवा राज्यपाल आल्बायनस येण्यापूर्वीच्या काळात प्रमुख याजक अनानस याने त्यास दगडमार करविला, असे यहुदी इतिहासकार जोसीफस नमूद करतो. नव्या करारातील ‘याकोबाचे पत्र’ परंपरेने त्याचे मानले जाते.

‘प्रभूचा भाऊ’ या शब्दांचा अर्थ काय, हा या विषयातील खरा वादबिंदू होय. मरियेचे कौमार्य अखंड होते, या श्रद्धेशी त्याचा संबंध असल्याने वादाला धार्मिक महत्त्व आले. हेल्व्हिडियस याने हे येशूचे सख्खे धाकटे भाऊ होत, असे प्रतिपादिले. त्याचे खंडन करताना संत जेरोम याने सु. ३८३ मध्ये हे मावसभाऊ असल्याचे व हा जेम्स आणि अल्फीचा मुलगा एकच असल्याचे मत मांडले. पाश्चात्त्य चर्चने दीर्घकाळ हेच मत स्वीकारले. पौर्वात्य परंपरेत ते योसेफाच्या पहिल्या पत्नीचे पुत्र मानले जातात. तेथे अल्फीच्या मुलाचा सण ९ ऑक्टोबरला व प्रभूच्या भावाचा २३ ऑक्टोबरला स्वतंत्रपणे होतो. बहुतेक प्रॉटेस्टंट अभ्यासक सख्ख्या भावाचा अर्थ घेतात. आधुनिक संशोधकही सामान्यतः या दोन व्यक्ती भिन्न मानतात.

उत्तरकालीन संत : निसिबिसचा बिशप याकोब (मृ. सु. ३३८) ३२५ च्या नायसीया परिषदेस उपस्थित होता. इराणमधील हुतात्मा याकोब याचा सु. ४२१ मध्ये एकेक अवयव तोडून वध करण्यात आला, अशी कथा आहे. सरुगचा याकोब (सु. ४५१–५२१) हा सिरियाक भाषेतील श्रेष्ठ धर्मकवी होय. याकोब बाराडियस (मृ. ५७८) याने सिरियन चर्चची पुनर्रचना केली. त्याच्यावरूनच ‘जॅकोबाइट’ हे नाव आले असून केरळमधील सिरियन ख्रिस्ती लोकांच्या एका शाखेस ते आजही लावतात. प्रेषित याकोबाशी या नावाचा संबंध जोडणे म्हणजे समनामामुळे होणारा घोटाळा होय.

ठाणे येथे १३२१ मध्ये मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांत पॅड्युआचा जेम्स होता. तो मध्ययुगीन असून उपर्युक्त संतांहून वेगळा आहे. जॉर्डेनस या धर्मोपदेशकाने त्या हुतात्म्यांचे दफन सोपारा येथे केले. अशा नावांचा उल्लेख आढळल्यास पित्याचे नाव, स्थान, काळ व सणाची तिथी पाहूनच व्यक्तीचा निर्णय करावा लागतो.