तक्रार झाली नाही, पण कागद बोलला

आपल्या घरचे माणूस दवाखान्यातून परत येते, तेव्हा सोबत एक प्लास्टिकची पिशवी येते. तीत गोळ्या, एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड असते. गोळ्या संपेपर्यंत पिशवी खुंटीला असते. पुढे ते कागद कुठे जातात, कोणालाच ठाऊक नसते. त्या कागदांचे मोल काय, हे अमेरिकेतल्या एका पाहणीवरून आज आम्ही सांगणार आहोत.

दवाखान्यात माणसाला त्रास होतो तो दर वेळी आजारामुळेच असे नाही. कधी औषध बाधते, कधी शस्त्रक्रियेत भलत्याच जागी इजा होते, कधी टाके घातलेली जखम चिघळते. उपचारामुळे अशी इजा किती जणांना होते? कोर्टातले दावे मोजून हे कळेल काय? हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दुसरा मार्ग धरला. न्यूयॉर्क राज्यातल्या ५१ रुग्णालयांमधले १९८४ सालचे तीस हजारांहून अधिक केसपेपर त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडले आणि वाचून काढले.

वाचण्याची रीत सोपी, पण कष्टाची होती. आधी परिचारिका आणि नोंदी तपासणारे कर्मचारी प्रत्येक केसपेपरात ठरलेल्या १८ खुणा शोधत. रुग्णाला पुन्हा ऑपरेशन थिएटरात न्यावे लागले काय? औषधाची रिअॅक्शन आली काय? तो दगावला काय? एखादी खूण सापडली की तो कागद दोन डॉक्टरांकडे जाई. हे आजाराने झाले की उपचाराने, आणि उपचाराने झाले तर त्यात हलगर्जीपणा होता काय, हे दोघे आपापले स्वतंत्रपणे ठरवीत.

१९९१ साली निष्कर्ष छापून आले. शंभर रुग्णांमागे जवळजवळ चार जणांना उपचारामुळेच इजा झाली होती. त्यातल्या चौथा हिस्सा इजांहून थोड्या अधिक हलगर्जीपणाच्या होत्या. आणि हलगर्जीपणाने इजा झालेल्यांपैकी दावा लावणारे शंभरात दोनसुद्धा नव्हते! ज्यांच्याकडे आरोग्य विमा नव्हता, त्यांच्या वाट्याला हलगर्जीपणाची इजा विमा असलेल्यांपेक्षा अधिक आली होती, हेही १९९२ साली याच केसपेपरांवरून दिसले. आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. ज्याला दाद मागता येत नाही, त्याचे दुःख दाव्यांच्या यादीत सापडत नाही. ते केसपेपरात सापडते.

अर्थात, कागदालाही मर्यादा आहे. जे लिहिलेच नाही ते मोजता येत नाही. एकाच केसपेपरावर दोन डॉक्टरांचे मतही कधी जुळत नाही. तरी ही रीत टिकली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ११ रुग्णालयांमधले २०१८ सालचे २,८०९ केसपेपर असेच तपासले गेले. त्याचे निष्कर्ष २०२३ साली आले. जवळजवळ दर चौथ्या रुग्णाला काही ना काही इजा झालेली आढळली. यावेळी लहानसहान इजाही धरल्या होत्या, म्हणून हा आकडा जुन्या आकड्याशी सरळ ताडून पाहता येत नाही. पण त्या इजांपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक टाळता येण्याजोग्या होत्या, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या देशात भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास त्या ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. तेव्हा मागायला संकोच कशाला? साध्या कागदावर तारीख घालून अर्ज लिहावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. इंग्रजी कळत नसेल तर घरातल्या शिकत्या मुलीकडून वाचून घ्यावे.

रेशनकार्ड आपण जसे ट्रंकेत जपून ठेवतो, तसेच हे कागदही ठेवा. डॉक्टरांवर संशय घेण्यासाठी नव्हे. पुढच्या डॉक्टरला मागचे सारे कळावे, आणि काही चुकलेच असेल तर ते कोठेतरी लिहिलेले सापडावे, एवढ्यासाठी.