ज्या गावाने जर्सी जाळली, त्याच गावाने डोक्यावर घेतले!

अमेरिकेचा बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स याचे नाव आपल्या घरातील मुलांना ठाऊक असते. त्याच्या खेळाबद्दल ती आपल्याला चार गोष्टी जास्तच सांगतील. परंतु हा खेळाडू गाव सोडून गेला तेव्हा लोकांनी त्याची जर्सी रस्त्यावर जाळली आणि चार वर्षांनी परतला तेव्हा त्याच गावाने त्याला डोक्यावर घेतले, ही हकीकत आई-वडिलांनीही वाचण्यासारखी आहे.

लेब्रॉनचा जन्म ३० डिसेंबर १९८४ रोजी ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या शहरात झाला. अ‍ॅक्रन म्हणजे टायरच्या कारखान्यांचे गाव. पुढे एकेक कारखाना बंद पडत गेला आणि कामगार वस्त्यांची रया गेली. मुलगा झाला तेव्हा त्याची आई ग्लोरिया अवघी सोळा वर्षांची होती. वडील जवळ नव्हते. आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे, असे या कृष्णवर्णीय मायलेकरांचे बिऱ्हाड फिरत राहिले. चौथीच्या वर्षात तर हा मुलगा ऐंशीहून अधिक दिवस शाळेतच गेला नाही! अखेर एका क्रीडा प्रशिक्षकाच्या कुटुंबाने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, तेव्हा कुठे त्याच्या शाळेची घडी बसली. पोटचा गोळा दुसऱ्याच्या घरी ठेवताना त्या माउलीला काय वाटले असेल, हे आपल्या भगिनींना सांगायला नको.

अ‍ॅक्रनपासून सुमारे साठ किलोमीटरवर क्लीव्हलँड हे मोठे शहर आहे. तेथील कॅव्हेलिअर्स संघाने २००३ साली अठरा वर्षांच्या लेब्रॉनला घेतले. क्लीव्हलँडही पडत्या काळातील पोलादी शहर. १९६४ नंतर तेथील कोणत्याही मोठ्या संघाला विजेतेपद मिळालेले नव्हते. आपलाच पोरगा आता हे दैन्य फेडणार, अशी लोकांची आशा होती. तो सात वर्षे खेळला, पण विजेतेपद आले नाही.

८ जुलै २०१० रोजी त्याने दूरचित्रवाणीवरील खास कार्यक्रमात जाहीर केले की, तो मायामीच्या संघात जाणार. त्याच रात्री क्लीव्हलँडमध्ये जर्सी जळू लागल्या. संघाचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी जाहीर पत्र लिहून त्याला विश्वासघातकी ठरवले आणि त्याच्याआधी आमचाच संघ विजेता होईल, अशी हमीही देऊन टाकली. त्यावर नागरी हक्क चळवळीचे नेते जेसी जॅक्सन कडाडले. पळालेल्या गुलामाबद्दल मालकाने बोलावे तशी ही भाषा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बास्केटबॉल लीगच्या प्रमुखांनी गिल्बर्ट यांना एक लाख डॉलर दंड केला, मात्र जॅक्सन यांचे म्हणणेही त्यांना पटले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लेब्रॉनचा करार संपला होता. जाण्याचा त्याला पूर्ण हक्क होता आणि तो हक्क मालकांच्या मेहेरबानीने आलेला नव्हता. १९७० साली ऑस्कर रॉबर्टसन या कृष्णवर्णीय खेळाडूने, खेळाडू संघटनेचा अध्यक्ष या नात्याने, लीगविरुद्ध कोर्टात दावा लावला. १९७६ साली तडजोड झाली आणि करार संपलेल्या खेळाडूला दुसरा संघ निवडण्याची वाट मोकळी होऊ लागली. त्याआधी खेळाडू मालकाच्या दावणीलाच बांधलेला असे. आम्ही कारकून मंडळी बदलीसाठी वर्षानुवर्षे अर्ज करतो. मंजूर झाली तर कोणी आमचा सदरा जाळत नाही, उलट पेढे मागतात! तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. त्याचे जाणे चुकले नाही, जाण्याची तऱ्हा चुकली. ज्यांनी सात वर्षे जीव टाकला, त्यांना साऱ्या जगाबरोबर टीव्हीवरून कळावे, हे जिव्हारी लागणारच.

२ डिसेंबर २०१० रोजी तो मायामीची जर्सी घालून क्लीव्हलँडला आला. चेंडू हाती आला की सारे प्रेक्षागृह त्याची हुर्यो उडवी. त्याने ३८ गुण करून सामना जिंकला. गिल्बर्ट यांची हमी हवेत विरली. आदल्या हंगामात ८२ पैकी ६१ सामने जिंकणारा कॅव्हेलिअर्स संघ लेब्रॉनविना १९ वर आला, तर मायामीने २०१२ आणि २०१३ ही दोन्ही वर्षे विजेतेपद पटकावले.

आणि ११ जुलै २०१४ रोजी एका क्रीडा साप्ताहिकात त्याचे निवेदन प्रसिद्ध झाले : मी घरी परत येत आहे! मालकाचे पत्र, जळत्या जर्सी, लोकांची हुर्यो हे सारे आई आणि पत्नीला फार लागले होते, हे त्याने लपवले नाही. मात्र आपणही एखाद्या खेळाडूला मानणारे लहान पोर असतो तर काय केले असते, असेही त्याने स्वतःला विचारले. गिल्बर्ट यांनी समक्ष भेटून माफी मागितली. मोठ्या मालकाने खेळाडूपुढे चूक कबूल करावी, हे आपल्याकडे फारसे पाहायला मिळत नाही.

लोकांनी काय केले? ३० ऑक्टोबर २०१४ च्या पहिल्या सामन्यात लेब्रॉनने सवयीप्रमाणे हातावरची पांढरी पूड हवेत उधळली, तेव्हा हुर्यो नव्हती, नुसता जल्लोष होता. त्या दिवशी संघ हरला. पुढच्या वर्षी अंतिम मालिकाही हरला. पण यावेळी कोणी जर्सीला काडी लावली नाही. २०१६ च्या अंतिम मालिकेत संघ ३-१ असा मागे पडला. तेथून मालिका जिंकणे तोवर कोणालाच जमले नव्हते. १९ जून २०१६ रोजी सातवा सामना ९३-८९ असा जिंकला आणि लेब्रॉन मैदानावरच ओक्साबोक्शी रडला. ५२ वर्षांनी शहरात विजेतेपद आले होते. मिरवणुकीला लाखो माणसे लोटली.

२०१८ साली तो पुन्हा गेला, लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडे. त्याच वर्षी ३० जुलैला अ‍ॅक्रनमध्ये त्याच्या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने एक सरकारी शाळा उघडली. तिसरी-चौथीच्या २४० मुलांपासून सुरुवात झाली आणि प्रत्येकाला सायकल मिळाली. पुढे २०२३ साली या शाळेच्या गणिताच्या निकालावर बरीच टीका झाली, हेही खरे. अभ्यासात मागे पडलेली मुले घेतल्यावर सायकली देणे सोपे, गणित शिकवणे अवघड.

२१ नोव्हेंबर २०१८ रोजी तो लेकर्सची जर्सी घालून क्लीव्हलँडला खेळायला आला. त्याचे नाव पुकारले गेले आणि सारे प्रेक्षागृह उठून उभे राहिले. टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. सामना त्याच्याच संघाने जिंकला.