नाव तेच, माणूस वेगळा: ‘फायनल फँटसी’बद्दलचे गैरसमज

हुबळीच्या उणकलला चंद्रमौळेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ आहे. तिथल्या चौमुखी शिवलिंगाला हात जोडून आलेल्या मुलानं घरी ‘फायनल फँटसी’ हा जपानी व्हिडिओ गेम सुरू केला आणि पडद्यावर ‘शिवा’ म्हणून बर्फ फेकणारी निळसर बाई अवतरली, तर गोंधळ होणारच. त्यातूनच पहिला गैरसमज निघतो, की जपान्यांनी आपली पुराणकथा उचलली आणि बिघडवली.

त्यांनी उचललं ते फक्त नाव. १९९० सालच्या तिसऱ्या भागात शिवा आली, ती सुरुवातीपासूनच बर्फाची. याच खेळांतला इफ्रित अरबी कथांतला. बहामुत तर मूळ अरबी विश्वकल्पनेत पृथ्वीचा भार वाहणारा अजस्र मासा. त्याचा ड्रॅगन केला तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी खेळानं, आणि जपान्यांनी तो तसाच घेतला. चौथ्या भागातली असुरा ही तीन तोंडांची राणी आहे. तेराव्या भागात शिवा म्हणजे दोन बहिणी, आणि दोघी मिळून मोटरसायकल होतात! यात शास्त्रार्थ शोधणं फुकट, आणि रागावणंही.

दुसरा गैरसमज: सगळे भाग एकच सलग कथा सांगतात, म्हणून १९८७ च्या पहिल्या भागापासूनच खेळायला हवं. तसं नाही. क्रमांकाचा जवळजवळ प्रत्येक भाग म्हणजे नवं जग, नवी माणसं. मग ‘सिद’ नावाचा माणूस पुन्हा पुन्हा का भेटतो? आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, तसंच हे. १९८८ च्या दुसऱ्या भागापासून प्रत्येक मुख्य भागात कोणीतरी सिद असतोच. बहुधा त्याचा उडत्या जहाजांशी संबंध असतो, पण सातव्यात तो तोंडाळ वैमानिक आहे, आठव्यात शाळेचा प्रमुख आणि बाराव्यात चक्क खलनायक. बिग्ज आणि वेज ही जोडी तर ‘स्टार वॉर्स’मधून आलेली. सहाव्या भागाच्या १९९४ च्या इंग्रजी आवृत्तीत बिग्जचा ‘विक्स’ झाला होता.

म्हणून कुठेच धागा नाही, असंही म्हणू नये. पाचव्या भागातला गिल्गमेश मितींमधल्या पोकळीत फेकला जातो आणि पुढे दुसऱ्या जगांत उगवतो. दहाव्या भागाची कथा पुढे नेणाऱ्या ‘दहा-दोन’मधला शिन्रा नावाचा पोरगा आणि सातव्या भागातली शिन्रा कंपनी यांचं नातं लेखक काझुशिगे नोजिमा यांनीच मुलाखतीत मान्य केलं आहे. उलट, आठव्या भागातली नायिका रिनोआ हीच पुढे खलनायिका अल्टिमेशिया होते, हा चाहत्यांचा लाडका तर्क दिग्दर्शक योशिनोरी कितासे यांनी २०१७ मध्ये साफ नाकारला. माझ्या मते असा धागा मानायची कसोटी एवढीच: कथेत पुरावा हवा किंवा कर्त्याचा शब्द. नुसतं नाव जुळणं पुरत नाही.

राहिली ‘फायनल’ची दंतकथा. खेळ बनवणारी कंपनी बुडायला आली होती, म्हणून ‘अखेरचा’ खेळ, असं सर्रास सांगतात. कंपनीची ओढगस्त खरी होती. पण निर्माते हिरोनोबू साकागुची यांनी २०१५ मध्ये सांगितलं, की त्यांना ‘एफ-एफ’ हे लघुरूप हवं होतं. आधी ‘फायटिंग फँटसी’ ठरलं होतं, ते नाव दुसऱ्या खेळाचं निघालं, म्हणून ‘फायनल’.

तेव्हा सुरुवात कुठूनही करा. फक्त ‘दहा-दोन’च्या आधी दहावा भाग खेळा.