वजन आणि आपण (भाग ६) : चालण्याचा हिशेब

गेल्या आठवड्यात आपण कंबरेचा घेर कसा मोजायचा ते पाहिलं. आता ज्या तक्रारीने अनेकांचं चालणं बंद पडतं, तिच्याकडे वळू. ‘रोज अर्धा तास चालतो, तरी काटा हलत नाही.’

हिशेब असा आहे. ७० किलो वजनाची व्यक्ती ताशी ५ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालली, तर साधारण १२० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ३५ तर नुसतं बसूनही लागल्या असत्या. म्हणजे चालण्याची खरी कमाई ८५. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. तेव्हा खाणं जराही न वाढवता रोज चाललं, तरी किलोभर उतरायला तीन महिने लागतात. आणि खाणं वाढतंच! फेरी संपली की बागेबाहेर गोड चहा, त्यासोबत एखादा वडापाव, तोही ‘आज चाललोय ना’ म्हणून. तेवढ्यात तीन-चार दिवसांची कमाई संपते. वजन उतरवायचं मुख्य काम ताटातच करावं लागतं, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

मग चालायचं कशाला? याचं उत्तर मला लंडनच्या दुमजली बसमध्ये सापडतं. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली दाखवून दिलं, की दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. पुढे त्यांनी या मंडळींच्या गणवेशाची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या पँटी कंबरेत मोठ्या निघाल्या. पण मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट : कंडक्टर सडपातळ असो वा पोट सुटलेला, त्याचा धोका ड्रायव्हरपेक्षा कमीच होता. काटा हलला नाही तरी हृदयाला फायदा होतच असतो. म्हणून केवळ वजन घटत नाही म्हणून चालणं सोडणारा माणूस पाहिला, की मनापासून वाईट वाटतं.

उतरलेलं वजन टिकवायलाही चालणंच कामी येतं. अमेरिकेत १९९४ पासून अशा यशस्वी लोकांची नोंद ठेवली जाते. त्यातले बहुतेक जण रोज सुमारे तासभर व्यायाम करतात आणि त्यात चालण्याचा वाटा मोठा आहे.

दहा हजार पावलांची फार चिंता नको. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग ठेवा. सलग जमत नसेल तर जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चाला. जेवणानंतर वाढणारी रक्तातली साखरही त्याने आटोक्यात राहते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि छातीत दुखण्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

पुढच्या भागात : वजन उतरताना स्नायू कसे राखायचे.