शिकाऊ माणसासाठी छोटी भाषा

संगणकाला एक साधे काम सांगायचे आहे असे समजा. रांगेत मुले किती, ते मोजायचे. सांगण्याची रीत अशी: रांग रिकामी असेल तर उत्तर शून्य. रिकामी नसेल, तर पहिल्या मुलाचा एक धर आणि त्यात उरलेल्या रांगेची संख्या मिळव. उरलेली रांगही याच रीतीने मोजायची, म्हणजे ती एकेकाने कमी होत होत संपते. युक्ती नामी आहे, आणि बरोबरही आहे.

आता एक विद्यार्थी हे 'स्कीम' नावाच्या भाषेत लिहायला बसतो. ही भाषा १९७५ साली अमेरिकेत एम.आय.टी. येथे जन्माला आली. तिच्यात बेरजेचे चिन्ह आधी, संख्या मागून, आणि सगळ्याला कंस. पण आमचा विद्यार्थी शाळेतल्या सवयीने लिहून जातो: एक, अधिक, उरलेल्यांची मोजणी. संगणक काही तक्रार करतो म्हणाल, तर मुळीच नाही. रांगेत तीन मुले असोत की तीनशे, तो शांतपणे उत्तर देतो, शून्य!

हे कसे झाले? स्कीममध्ये 'नाहीतर' या शब्दापुढे कामे एकापाठोपाठ एक कितीही लिहिलेली चालतात. यंत्र ती क्रमाने करते आणि फक्त शेवटच्याचे उत्तर जपून ठेवते. त्याने 'एक' वाचला, टाकून दिला. 'अधिक' वाचले, तेही टाकले. मग उरलेली रांग घेतली, तिथेही तोच प्रकार. अखेरीस रिकाम्या रांगेचे शून्य तेवढे हाती उरले. जाणत्याला ही सोय उपयोगी पडते. नवशिक्याला मात्र अशी काही सोय आहे याचा पत्ताच नसतो. तो आपली युक्ती पुन्हा पुन्हा तपासतो, तिच्यात चूक सापडत नाही, आणि मग म्हणतो, "हे आपल्याला जमायचं नाही." असे म्हणून उठून गेलेली मुले पुन्हा सहसा परतत नाहीत.

मथियास फेलाइझेन हे मूळचे जर्मन, संगणकभाषांच्या सिद्धान्ताचे मोठे अभ्यासक. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात असताना, १९९५ च्या सुमारास, त्यांनी नेमका हा प्रश्न हाती घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की दोष विद्यार्थ्याच्या डोक्यात नाही. संपूर्ण भाषा पहिल्या दिवशीच त्याच्या पुढ्यात ठेवली, हा दोष आहे. आपण तरी मुलाच्या हाती पाटी देतो तेव्हा काय करतो? ग, म, भ, न. 'ज्ञ' आणि 'क्ष' यांना पुष्कळ अवकाश असतो.

फेलाइझेन आणि त्यांचे विद्यार्थी यांनी 'डॉक्टर स्कीम' नावाची लेखनव्यवस्था तयार केली. (२०१० पासून तिला 'डॉक्टर रॅकेट' म्हणतात.) तिच्यात एकाच भाषेच्या चढत्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर 'नाहीतर'पुढे एकच उत्तर लिहिता येते. आमच्या विद्यार्थ्याचे तीन तुकडे तिथे जागच्या जागी अडवले जातात: उत्तर एक हवे, इथे तर तीन दिसतात. बस्स, एवढ्यानेच शून्याचे कोडे नाहीसे होते. शिवाय २००१ साली आलेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकात आणखी एक शिस्त आहे. आज्ञा लिहिण्याआधी उदाहरणे लिहायची: रिकाम्या रांगेचे उत्तर शून्य, तिघांच्या रांगेचे तीन. मग खोटे शून्य लपून राहील कसे?

आता तुम्ही विचाराल, की ही भाषा कारखान्यात कोण वापरतो? तिथल्या शाळांतूनही हाच प्रश्न होता. १९९९ पासून तिथली एक मोठी शालेय परीक्षा 'सी प्लस प्लस'मध्ये होती, पुढे २००३-०४ पासून 'जावा' आली. परीक्षा एका भाषेची आणि शिकवणी दुसरीची, हे शिक्षकाने पालकांना सांगायचे कोणत्या तोंडाने? ही अडचण खरी आहे, आणि मला वाटते ती पुरती सुटलेली नाही.

पण मला विशेष वाटते ते पुढचेच. २०११ साली मार्सो, फिस्लर आणि श्रीराम कृष्णमूर्ती यांनी याच व्यवस्थेतले चुकीचे निरोप विद्यार्थी कसे वाचतात, ते जवळ बसून पाहिले. यांतले कृष्णमूर्ती त्या पाठ्यपुस्तकाचेच एक लेखक. म्हणजे तपासणी घरच्याच माणसाने केली, बरं का! निष्पन्न झाले ते असे, की भाषा छोटी केली तरी निरोपातले शब्द जडच राहिले होते. 'एक्स्प्रेशन', 'फंक्शन बॉडी' हे शब्द वर्गात कानावर पडूनही पुष्कळांना आज्ञावलीत ते कुठे लागू पडतात हे दाखवता येईना. आणखी एक गंमत. चूक जिथे आढळली तो तुकडा यंत्र रंगवून दाखवी. मुले समजत, दुरुस्ती इथेच करायची आहे! चूक वास्तविक दुसरीकडे असे, आणि हा गडी रंगवलेला चांगला तुकडा पुसून टाकी. म्हणून अभ्यासकांनी सुचवले, की निरोपात शब्द थोडे आणि शिकवलेलेच असावेत. प्रत्येक शब्दाचा रंग आणि आज्ञावलीतल्या त्या भागाचा रंग एकच असावा. आणि दुरुस्ती काय करावी, हे यंत्राने सांगू नये.