आशाताईंचे मोबाईलवरचे प्रशिक्षण : समाधान मोजायचे कशात?

आजचा विषय पिकाचा नाही, पण शिवाराबाहेरचाही नाही. फवारताना कुणाला गरगरलं, पायाला साप चावला, सून बाळंत होऊन घरी आली, की आपण आधी आशाताईला हाक मारतो. ही बाई शिकते कुठे आणि कशी, याची चौकशी मात्र आपण कधी करत नाही.

आशा योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात सुरू झाली. तेव्हा प्रशिक्षण म्हणजे तालुक्याला जाणे, काही दिवस एकत्र बसणे, हाताने करून बघणे. एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे एकत्र बसणे थांबले, आणि केंद्र सरकारने 'दीक्षा' या मंचावर 'आयगॉट' नावाचे ऑनलाइन वर्ग काढले. डॉक्टर, परिचारिका, आशा, सगळ्यांसाठी. तेव्हापासून मोबाईलवर शिकायची सवय लागली ती लागलीच.

त्यांना हे आवडते का? सिद्धेश्वर धरणाकडच्या गावांत शेतीशाळेला गेलो की मी विचारतो. एक ताई म्हणाल्या, "साहेब, गाडीभाडं वाचतं, लेकरं एकटी राहत नाहीत, पुन्हा लावून बघता येतं. पण रेंज गच्चीवर, अन् शंका विचारावी कुणाला?" दुसऱ्या हसत म्हणाल्या, "शेवटी विचारतात, समाधानी आहात का. 'हो' दाबलं नाही तर सर्टिफिकेट अडकंल असं वाटतं. मग दाबते 'हो'."

ऐकून मला आमचेच हजेरीपट आठवले. सह्या भरपूर, पण पेरणीआधी बियाण्याला बीजप्रक्रिया किती जणांनी केली? असो.

अमेरिकेतले डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या : आवडले का, समजले का, कामात उतरले का, आणि त्याने फरक पडला का. समाधान ही त्यातली पहिलीच पायरी आहे.

चौथी पायरी कशी असते ते आपल्याच राज्यात दिसले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तिथले नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. त्याच वाटेने आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ४२ दिवसांत ६ वेळा जातात. बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल तर धोका. हा आकडा मोबाईल सांगतो. पण रडत्या बाळाला शांत करून, पोटाची हालचाल बघत पूर्ण मिनिट मोजणे हे शेजारी कुणीतरी बसून दाखवल्याशिवाय येत नाही. कलम बांधणे तरी व्हिडिओ बघून कितीजणांना जमले? म्हणून उजळणीला मोबाईल चांगला, पण पहिला धडा समोरासमोरच हवा, असे माझे मत आहे.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी एवढे तरी करावे. ग्राम आरोग्य समितीला गावच्या आरोग्यासाठी वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी ठरवलेला आहे. तो कशावर गेला ते सभेत वाचून दाखवावे. ग्रामपंचायतीत इंटरनेट चालू असेल तर आठवड्यातून दोन तास ती खोली आशाताईंना उघडून द्यावी. दोघी-तिघी एकत्र बसल्या तर निम्म्या शंका तिथेच सुटतात. वेळ मात्र त्यांना विचारून ठरवा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत त्यातल्या कित्येकजणी सकाळीच कुणाच्या तरी रानात गेलेल्या असतात.